लाल गाडीची नोकरी

यंदा चौदा एप्रिलची मिरवणूक आटोपून, जयंती समितीच्या हिशेबाची वही बगलेत मारून आम्ही रात्री उशिरा घरी परतलो, तेव्हा वहिनी उंबऱ्यातच बसून होत्या.

"भावजी, तुमच्या पुतणीला तुम्हीच समजवा. कुणाची पोरगी नर्सिंगला जाते, कुणाची बँकेच्या परीक्षेला बसते. आमची म्हणते, मी आगीच्या बंबावर नोकरी करणार!"

पुतणी आतून म्हणाली, "काका, आधी बघून तरी या. मग नाही म्हणा."

आम्ही पेशाने कारकून. फाइल वाचल्याशिवाय शेरा मारायचा नाही, हा आमचा वीस वर्षांचा शिरस्ता. शिवाय पोरीच्या डोक्यात हे कोठून आले, तेही आम्हाला ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी तुर्भ्याजवळच्या आमच्या वस्तीत रात्री आग लागली. बंब वेळेवर आला, पण गल्लीच्या तोंडाशीच अडकला. कुणाची रिक्षा आडवी, कुणाची मोटारसायकल. बंबवाल्यांनी पाइप खांद्यावर घेऊन गल्लीतून धाव घेतली. एकाने एका घरातून गॅसचा सिलिंडर उचलून आणला आणि मागोमाग एका म्हातारीला पाठीवर घेऊन बाहेर आला. त्या वेळी शाळकरी असलेली आमची पुतणी हे सारे रस्त्यावर उभी राहून पाहत होती. आम्ही घरातली कागदपत्रांची पिशवी शोधत होतो. ती त्या माणसाकडे पाहत होती.

चौदा ते वीस एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. अग्निशमन केंद्रांत त्या दिवसांत लोकांना प्रात्यक्षिके दाखवतात. तेव्हा त्याच आठवड्यात एक दिवस रजा टाकून आम्ही, पुतणी आणि, "मला पण यायचंय" म्हणून हट्टाने निघालेल्या वहिनी, असे तिघे ऐरोलीला निघालो.

एक तारीख, दोन आठवणी

हा सप्ताह नेमका चौदा एप्रिललाच का सुरू होतो, हे आमच्यासारख्या दरवर्षी जयंतीत राबणाऱ्या माणसालाही कितीतरी वर्षे ठाऊक नव्हते. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटकेही होती. जहाजात आग लागली. बंब धावले. जवान पाणी मारीत राहिले, पण आग आटोक्यात येईना. दुपारी चार वाजून गेल्यावर जहाजात पाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे 66 जण होते. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह.

त्याच दिवशी बाबासाहेबांना 53 वर्षे पूर्ण झाली होती, आणि ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. या दोन गोष्टी एका तारखेला आल्या हा योगायोग. पण गाडीत पुतणीने हे ऐकले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मग मिरवणुकीत त्या सहासष्ट जणांची एक पाटी का नसते, काका?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तुर्भे ते ऐरोली

तुर्भ्याहून ठाण्याची लोकल पकडली की डाव्या खिडकीतून कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली अशा वसाहती दिसतात. त्यांच्या पलीकडे खाडी. उजव्या खिडकीतून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि त्यांच्या मागे पारसिकचा डोंगर. 1960 च्या दशकात येथे एमआयडीसी आली. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि शहर बांधायला निघाली. 1 जानेवारी 1992 रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. म्हणजे आधी कारखाने आले, मग शहर आले आणि दोघांच्या फटीत कारखान्यांत राबणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वस्त्या वाढल्या.

त्यामुळे या शहरात आगही एका जातीची नाही. डाव्या खिडकीत उंच इमारतींची आग, उजव्या खिडकीत रसायनांची आग आणि मधल्या पट्ट्यात पत्र्याच्या घरांची आग. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात खोकी आणि गवताचा भुसा. रस्त्याने रात्रंदिवस टँकर धावतात. खाडीत कुणी पडले, डोंगराची दरड आली, झाडावर मांज्यात पक्षी अडकला, तरी लोक एकच नंबर फिरवतात, 101.

हे काम करणारी दलेही एक नाही, अनेक आहेत. महापालिकेची केंद्रे वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली येथे. एमआयडीसीचे दल वेगळे, सिडकोचे वेगळे. 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासारख्या ठिकाणी तर आणखीनच वेगळे. धावपट्टीवर कोठेही अपघात झाला तरी पहिला बंब तीन मिनिटांच्या आत पोहोचला पाहिजे, असा विमानतळांचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे. दार एकच नाही.

मोजून पाऊल टाकायचे

केंद्रात शिरल्यावर प्रथम डोळ्यांत भरतात त्या गाड्या. सगळ्यांची तोंडे रस्त्याकडे. मागे घेऊन वळवण्यात एक मिनिटही जायला नको म्हणून. जवानांच्या बुटांवर पँटी गुंडाळून ठेवलेल्या. पाय बुटात घालायचा, पँट वर ओढायची, कोट चढवायचा आणि पळायचे. वहिनी हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे डबा हातात घेतल्यावर चपला शोधतात."

दलात ज्यांना लिडिंग फायरमन म्हणतात अशा एका जुन्या माणसाने आम्हाला सारे दाखवले. वहिनींना "या ताई, बसा" म्हणून खुर्ची दिली. पन्नाशीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने पुतणीला विचारले, "पाइप धरणार का?"

साधारण 15 मीटरचा एकेक पाइप. असे एकाला एक जोडत नेतात. टोकाला पितळी नळी, तिला हे लोक ब्रँच म्हणतात. पाणी सुटताच पोरगी दोन पावले मागे ढकलली गेली. वहिनी खुर्चीवरून उठल्याच. तो माणूस तिच्या मागे उभा राहून म्हणाला, "ताकद हातात नको, पायात ठेव. एक पाय पुढे. आता धर." दुसऱ्या खेपेला ती हलली नाही.

मग त्याने पाठीवर घ्यायचा श्वसनसंच दाखवला. लोक समजतात यात ऑक्सिजन असतो. तसे नाही, दाबून भरलेली साधी हवाच असते. कष्टाचे काम करताना ती अर्धा-पाऊण तास पुरते. हवा संपत आली की शिट्टी वाजू लागते. शिट्टी वाजली की मागे फिरायचे.

"आणि आत माणूस असला तर?" वहिनींनी विचारले.

तो क्षणभर थांबला. "दुसरी जोडी आत जाते, ताई. एकटा कुणी आत जात नाही. जोडीने जायचं, जोडीनेच बाहेर यायचं. मी तिथंच पडलो तर मला काढायला आणखी दोघं लागतील. मग म्हातारीला कोण काढणार?"

वहिनींना वाटत होते की ही आगीत उडी घ्यायची नोकरी आहे. आम्हालाही थोडेफार तसेच वाटत होते. तो माणूस मात्र तासभर फक्त मोजमापाच्या गोष्टी सांगत होता. तेलाच्या आगीवर नुसते पाणी मारले तर तेल पाण्यावर तरंगून आग पसरते, तेथे फेस लागतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून बटण दाबायचे नाही, खिडक्या-दारे उघडायची. धूर वर चढतो, म्हणून धुरातून रांगत यायचे. टँकरच्या पाटीवर चार आकडे असतात. 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 म्हणजे एलपीजी, 1017 म्हणजे क्लोरिन. आधी आकडा वाचायचा, वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहायचे आणि मगच पुढे जायचे. आमच्या मनात आले, हा तर आमच्यासारखाच कारकून. फरक एवढाच की याची बेरीज चुकली तर खाडाखोड करता येत नाही.

घरच्यांनी काय ऐकावे

आम्ही त्याला म्हटले, "दादा, बरे बोललात. आता वाईटही सांगा. पोरीची आई बसली आहे."

त्याने सांगितले. दिवाळीत लोक घरी असतात, तेव्हा यांच्या घंटा सर्वांत जास्त वाजतात. पोराच्या वाढदिवसाला केक कापताना हे कुठल्या तरी गोदामाच्या धुरात असतात. आणि प्रत्येक वेळी माणूस जिवंत मिळतोच असे नाही. "काय पाहिलं ते घरी सांगत नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "सांगायला पाहिजे होतं. पहिली काही वर्षं झोप लागत नव्हती. नव्या पोरांना मी सांगतो, मनात ठेवू नका, बोला."

आणखी एक गोष्ट खास आमच्या भगिनींसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकांच्या कामाचा समावेश कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत केला आहे. धुरातील काजळी अंगाला आणि कपड्यांना चिकटते. म्हणून जुन्या काळी काळवंडलेला कोट हा अभिमानाचा मानला जाई, तो आता धोक्याचा समजतात. काम संपल्यावर अंघोळ करायची, आणि ते कपडे घरी नेऊन लेकरांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. वहिनींनी हे मान डोलावून ऐकले. भीतीच्या गोष्टीला काही उपाय असला की बाईमाणूस ती निम्मी पेलते, असे आम्हाला वाटले.

मग आम्ही आमच्या मनातला प्रश्न विचारला. गटाराच्या किंवा मलटाकीच्या वायूने माणसे गुदमरली की कुणाला बोलावतात?

"आम्हालाच," तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही.

वाचकहो, या ठिकाणी आम्ही बराच वेळ घुटमळलो. टाकी तीच. वायूही तोच. त्यात आधी जो उतरला तो दोरीशिवाय, मुखवट्याशिवाय, रोजंदारीवर उतरला. तो बहुतेक वेळा कोणत्या समाजाचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्याला काढायला जो उतरतो त्याच्या पाठीवर हवेचा सिलिंडर असतो, कमरेला दोर असतो, वर दोर धरणारे साथीदार असतात. असे मानवी मैला वाहण्याचे व विनासाधन टाक्यांत उतरवण्याचे काम 2013 च्या कायद्याने बंद केले आहे, तरी मरणे थांबलेली नाहीत.

आमच्या वाडवडिलांच्या वाट्याला धोक्याची कामे जन्माने आली. म्हणून "पुन्हा पोरीला धोक्याच्या कामात घालू नका" असे वहिनी म्हणतात, त्यात चूक काहीच नाही. पण त्या केंद्रात उभे असताना आम्हाला उमगले की अपमान धोक्यात नसतो. शिक्षण न देता, साधन न देता, नाव न नोंदवता माणसाला धोक्यात ढकलण्यात तो असतो. जे काम आपण शिकून, परीक्षा देऊन, स्वतःच्या मर्जीने घेतो आणि ज्यात आपल्या जिवाचे मोल मोजलेले असते, ते काम वेगळे. म्हणूनच ज्या ठिकाणी साधन नाही, विमा नाही, नुसती कंत्राटी हजेरी आहे, तेथे लाल गाडी पाहून भुलू नका. ती गाडी लाल असली तरी काम जुनेच आहे.

ऐरोलीतली दोन ठिकाणे

केंद्रातून निघाल्यावर आम्ही पुतणीला ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरची इमारत दाखवली. मुद्दामच दाखवली. 9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. त्यात दलाचे अधिकारी संजय राणे व महेंद्र देसाई गेले. भाजलेले उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यावर याच ऐरोलीच्या रुग्णालयात उपचार झाले, परंतु दोघेही वाचले नाहीत. चौघेही अधिकारी होते. बाहेर उभे राहून हुकूम सोडता आला असता, ते आत गेले. "हेही पाहून ठेव," आम्ही पुतणीला म्हटले. ती काही बोलली नाही.

तेथून जवळच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात गेलो. तेथील ग्रंथालयात बरीच मुले मान खाली घालून वाचत होती. आम्ही बाहेर सावलीत बसलो, डबा सोडला. वहिनी पोळी मोडता मोडता म्हणाल्या, "बाईमाणूस घेतात का पण?"

घेतात. आपल्याच महाराष्ट्रातल्या नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी 2002 मध्ये नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे शिकणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढे त्या ओएनजीसीत अग्निशमन सेवेत लागल्या. आणि मुंबई अग्निशमन दलाने 2023 च्या सुरुवातीला 910 जागांसाठी भरती घेतली, तेव्हा मुलीही मैदानात उतरल्या होत्या. महाराष्ट्रात सरकारी भरतीत महिलांना 30 टक्के समांतर आरक्षणही आहे.

कागद आणि मैदान

आता थोडे आमच्या धंद्याचे बोलतो.

मुंबईच्या त्या भरतीत बारावी उत्तीर्ण ही अट होती. उंची पुरुषांना 172 आणि महिलांना 162 सेंटिमीटर. 800 मीटर धावणे, 19 फुटांवरून खाली धरलेल्या जाळीत उडी, 50 किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन पळणे, दोरावर व शिडीवर चढणे अशी परीक्षा होती. वेतनश्रेणी 21,700 ते 69,100. प्रत्येक दलाची अट वेगवेगळी असते, म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, कालिना विद्यानगरीत राज्याचे अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे अग्निशामकाचा सहा महिन्यांचा आणि उपस्थानक अधिकाऱ्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. पुढे जायचे असल्यास नागपूरचे महाविद्यालय आहे.

येथे एक दुखणे सांगणे भाग आहे. आमच्या भाच्याने एका खाजगी वर्गात 'फायर सेफ्टी'चा डिप्लोमा केला. फी 45 हजार. बहिणीने त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले. भिंतीवर बंबाचे चित्र, हॉलमध्ये पंखे, आणि वर्षभरात एकदाही पाइप हातात नाही. पुढे भरतीच्या जाहिरातीत ज्या अभ्यासक्रमाचे नाव होते, तो हा नव्हताच. प्रमाणपत्र आजही फ्रेममध्ये आहे. तेव्हा पैसे भरण्याआधी जुन्या दोन-तीन भरतींच्या जाहिराती काढा, त्यात कोणते प्रमाणपत्र मागितले आहे ते पाहा, आणि मगच खिशात हात घाला.

दुसरे, जातीचा दाखला. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावचा जुना उतारा, जे असेल ते आजच शोधा. दाखला झाला की पडताळणीसाठी अर्ज करा. धावण्यात पहिली आलेली मुले वैधता प्रमाणपत्रापायी घरी परतलेली आम्ही पाहिली आहेत.

घरी आल्यावर वहिनींनी पोरीला दाराच्या चौकटीला उभे केले, डोक्यावर वही ठेवली आणि पेन्सिलने खूण केली. टेप लावली. 162 च्या वर एक बोट. "एकच बोट आहे हो भावजी," त्या म्हणाल्या. होकार दिला असे त्या अजूनही म्हणत नाहीत. पण पहाटे पोरगी मैदानावर धावायला जाते तेव्हा सोबत जातात, आणि किती फेऱ्या झाल्या ते मोजतात.

जयंती समितीच्या पुढच्या बैठकीत आम्ही तीन ठराव मांडणार आहोत. मंडपाला दोन वाटा ठेवायच्या आणि जनरेटरजवळ वाळूच्या बादल्या. मिरवणुकीच्या दिवशीही आणि एरवीही गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायची नाही, बंबाची वाट मोकळी राहिली पाहिजे. आणि मिरवणुकीत एक पाटी, सहासष्ट जणांच्या नावाने. इतर वस्त्यांतील समित्यांनीही विचार करावा. खर्च फार नाही, हिशेब आम्ही मांडून पाहिला आहे.